कंट्रोलला व्यास माहीत नसतो

शिरोलीतल्या आमच्या शॉपमध्ये सीएनसी मिलिंग मशीनवर रोटरी टेबल, म्हणजे जॉब फिरवणारा चौथा अक्ष, आलं ते एका व्हॉल्व्ह बॉडीमुळे. चार बाजूंना भोकं, आणि दर वेळी जॉब सोडून नव्याने बांधला की भोकांची एकमेकांशी मापं जुळायची नाहीत. मालकांनी शेवटी खिशात हात घातला. टेबल बसवायला आलेल्या इंजिनियरने केबल जोडली, पॅरामीटर भरले, एमडीआयमध्ये (एकेक ओळ हाताने टाइप करून चालवायची सोय) 'ए ९०' मारून चक पाव फेरा फिरवून दाखवला, कागदावर सही घेतली आणि तो गेला. शिकवणं त्याच्या कामात बसत नव्हतं.

मी तोवर तीन अक्षांवर बरीच वर्षं काढली होती. हाताने प्रोग्रॅम लिहायचो, कॅम सॉफ्टवेअरमधूनही काढायचो. चौथा अक्ष म्हणजे एक्स (डावं-उजवं), वाय (पुढे-मागे), झेड (वर-खाली) यांच्या पुढे आणखी एक अक्षर, एवढीच माझी समजूत. एक्सभोवती फिरतो तो ए, वायभोवती बी, झेडभोवती सी, हे डिप्लोमाला पाठ केलेलं होतंच. शॉपमधले जुने सेटर आबा मात्र या नव्या पाहुण्याकडे वेगळ्याच नजरेने बघत होते. त्यांची निम्मी हयात युनिव्हर्सल मिलिंगवर गेली. डिव्हायडिंग हेडचा दांडा ४० वेळा फिरवला की जॉब एकदा फिरतो, हे गणित त्यांच्या हातात बसलेलं. षटकोन करायचा तर ४० भागिले ६: सहा पूर्ण फेरे आणि वर १८ भोकांच्या वर्तुळावर १२ भोकं. हेलिकल, म्हणजे मळसूत्रासारखी, खाच हवी असेल तर टेबलाच्या स्क्रूपासून हेडपर्यंत चेंज गिअर लावायचे आणि टेबल खाचेच्या कोनात तिरकं करायचं. अमेरिकेत जोसेफ ब्राऊन यांनी १८६२ मध्ये युनिव्हर्सल मिलिंग मशीन बनवलं तेच मुळी ट्विस्ट ड्रिलच्या खाचा कापता याव्यात म्हणून. सरळ सरकणं आणि गोल फिरणं यांची सांगड घालायचं काम कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीचं आहे. आबांना जी कोड, म्हणजे मशीनला द्यायच्या आज्ञा, येत नव्हते, पण प्रश्न कुठे दडलेला असतो हे येत होतं.

सुरुवात सेंटरपासून झाली. तीन अक्षांवर झीरो, म्हणजे मापं जिथून मोजायची तो बिंदू, कुठेही घ्या, जॉबच्या कोपऱ्यावर, मधोमध, फिक्स्चरच्या पिनवर. मशीनला फरक पडत नाही. रोटरीवर वाय आणि झेडचा झीरो टेबलाच्या फिरण्याच्या मध्यरेषेवर असला की सगळं सोपं होतं, कारण जॉब कितीही अंश फिरला तरी ती एकच रेषा जागची हलत नाही. कॅममध्येही ओरिजिन त्याच रेषेवर. मग चार फेससाठी चार ऑफसेट लागत नाहीत, एका जी ५४ वर (मशीनमध्ये साठवलेला एक झीरो) काम भागतं. आधी मी चारही फेसना जी ५४ ते जी ५७ असे वेगवेगळे झीरो घेत होतो. तेही चालतं, पण जॉब बदलला की चारही परत घ्यावे लागतात.

ती रेषा सापडवायची कशी, यात आमची बरीच संध्याकाळ गेली. चकमध्ये ग्राइंड केलेलं मँड्रेल धरलं. आधी त्याच्या माथ्यावरून आणि मग कडेवरून एक्स दिशेने डायल फिरवला, टेबल मशीनला समांतर आहे ना हे बघायला. टेलस्टॉकची (जॉबचं दुसरं टोक धरणारा आधार) उंची जुळवली. मग स्पिंडलमध्ये लिव्हर डायल लावून मँड्रेलच्या पुढच्या आणि मागच्या बाजूला सारखं रीडिंग येईपर्यंत वाय सरकवला. चकचा स्वतःचा रनआउट (फिरताना सेंटरवरून हलणं) असतोच, म्हणून ए १८० ला फिरवून तेच परत केलं आणि मधलं रीडिंग धरलं. झेडसाठी माथ्यावर टच घेऊन त्रिज्या वजा केली. मला वाटलं, झालं.

"आता कापून बघ," आबा म्हणाले. "डायलवर इस्वास ठेवायचा, पर कापलेल्या मापावर जास्ती."

त्यांची पद्धत मला आजही कुठल्या मॅन्युअलपेक्षा आवडते. ॲल्युमिनियमचा गोल तुकडा धरायचा. ए ० ला झेड २० वर फेस मारायचा, ए १८० ला फिरवून त्याच झेड २० वर दुसरा. दोन्ही फेसमधली जाडी बरोबर ४० यायला हवी. आमची ४०.०६ आली. म्हणजे टूल प्रत्येक बाजूला मध्यरेषेपासून २०.०३ वर कापत होतं, म्हणजेच झीरो खऱ्या सेंटरपेक्षा ०.०३ वर होता. तेवढा खाली घेतला. चूक मापात दुप्पट होऊन दिसते, त्यामुळे साध्या मायक्रोमीटरनेही पकडता येते. वायसाठी तसंच: एका बाजूने निम्म्यापर्यंत भोक, १८० फिरवून दुसऱ्या बाजूने उरलेलं निम्मं. वायचा झीरो जितका चुकला असेल त्याच्या दुप्पट पायरी भोकाच्या मध्यात येते आणि पिन अडकते. आमची पिन अगदी सरळ गेली नाही, थोडी अडखळून गेली. आणखी एक सेंटिमाचा हात फिरवल्यावर सुळकन गेली. ('सेंटिमा' म्हणजे आमच्या शॉपमध्ये मिलिमीटरचा शंभरावा भाग. भौतिकशास्त्राच्या सरांनी कान बंद करावेत.)

व्हॉल्व्ह बॉडीचं काम नुसतं इंडेक्सिंगचं. टेबल फिरवा, क्लॅम्प करा, तीन अक्षांवर कापा, अनक्लॅम्प करा, परत फिरवा. आमच्या मशीनवर क्लॅम्प एम १० आणि अनक्लॅम्प एम ११ आहे. हे मशीन बनवणाऱ्यावर अवलंबून असतं, त्यामुळे दुसरीकडचा प्रोग्रॅम आणून तसाच चालवू नये. टेबल फिरवणाऱ्या वर्म आणि व्हील या गिअरमध्ये थोडा खेळ असतोच, म्हणून दर वेळी एकाच दिशेने कोनावर यायचं, हेही तेव्हाच अंगवळणी पडलं. बाकी या भागात शिकण्यासारखं फारसं नाही, एक गोष्ट सोडून. ४० बाय ४० च्या चौकोनी जॉबचा फेस सेंटरपासून २० वर असतो. ड्रिलिंगची आर पातळी (भोक झालं की ड्रिल जिथवर वर येतं ती उंची) मी २५ ठेवली होती, पाच मिलिमीटर मोकळी जागा भरपूर वाटत होती. पहिला प्रोग्रॅम स्क्रीनवर दाखवत होतो तेव्हा आबांनी व्हर्नियर उचलला आणि जॉबचा कर्ण मोजला. ५६.५६.

"ह्याचा कोपरा कुठनं फिरणार? निम्मं कर की."

२८.२८. म्हणजे जॉब फिरताना कोपरा २५ च्या वरून जाणार, आणि ड्रिल तिथेच उभं असणार. तेव्हापासून ए हलायच्या आधीचा झेड कर्णावरून ठरतो, फेसवरून नाही. माझ्या टेम्प्लेटमध्ये ती ओळ सगळ्यात वर आहे.

खरा अभ्यास सुरू झाला तो ए आणि एक्स एकत्र हलवायची वेळ आली तेव्हा. एका गिऱ्हाइकाला ब्राँझच्या बुशवर हेलिकल ऑइल ग्रूव्ह हवा होता. मी एमडीआयमध्ये जी १ ए ३६० एफ ३६० दिलं. जी १ म्हणजे दिलेल्या वेगाने सरक, एफ म्हणजे तो वेग. एक फेरा, एक मिनिट. चकमध्ये २० व्यासाचा रॉड असला तरी एक मिनिट, २०० व्यासाची डिस्क असली तरी एक मिनिट. पण २० व्यासाच्या परिघावरून कटर त्या मिनिटात ६२.८ मिलिमीटर चालतो आणि २०० च्या परिघावरून ६२८. एफ तोच, प्रत्यक्ष फीड, म्हणजे कटर सरकायचा वेग, दहापट. कारण नुसता ए हलत असतो तेव्हा एफ म्हणजे मिनिटाला अंश. कटरच्या टोकाशी किती मिलिमीटर होतात याच्याशी कंट्रोलला, म्हणजे मशीन चालवणाऱ्या कॉम्प्युटरला, काही देणंघेणं नाही. त्याला व्यास कुणी सांगितलेलाच नसतो.

एक्स आणि ए एका ब्लॉकमध्ये आले की प्रकरण आणखी मजेशीर होतं. जी ९४ मध्ये, म्हणजे मिनिटाला मिलिमीटर या नेहमीच्या मोडमध्ये, आमचा फॅनक कंट्रोल अंशाला मिलिमीटर समजून सरळ पायथागोरस लावतो. समजा ४० व्यासावर २४ लीडचा, म्हणजे एका फेऱ्यात २४ मिलिमीटर पुढे सरकणारा, ग्रूव्ह आहे. एका फेऱ्यात कटर खरोखर चालतो १२७.९३ मिलिमीटर: परीघ १२५.६६, त्यावर २४ ची चढण. कंट्रोलच्या हिशेबी मात्र २४ आणि ३६० यांचा कर्ण, म्हणजे ३६०.८. एफ १२० दिला तर तो ३६०.८ ला १२० ने भागतो आणि तीन मिनिटं घेतो. खरं फीड पडतं ४२ च्या आसपास. कटर कापायच्या ऐवजी घासत बसतो, कडा जाते, आणि आपण कटरच्या कंपनीला शिव्या देतो. ११४.६ व्यासावर मात्र एक अंश बरोबर एक मिलिमीटर होतो. तेवढ्या एका व्यासावर हे सगळं आपोआप जुळतं, आणि ज्याचे जॉब नेमके त्याच्या आसपासचे असतील त्याला वर्षानुवर्षं काही खटकणारही नाही.

आबांना हे मी कागदावर मांडून दाखवलं. ते हसले. "आरं, मशीनला व्यास कुठनं म्हाईत असणार? तू सांगितलाईस काय?"

सांगायची एक सोय आहे. जी ०७.१, म्हणजे सिलिंड्रिकल इंटरपोलेशन. स्वतंत्र ब्लॉकमध्ये जी ०७.१ ए २० लिहिलं की कंट्रोलला कळतं, त्रिज्या २० आहे. मग फीड परिघावरचं धरलं जातं, कटर कॉम्पेन्सेशन (कटरच्या त्रिज्येइतकं बाजूला सरकणं) चालतं, उलगडलेल्या पत्र्यावर काढावी तशी वक्ररेषाही देता येते, फक्त ती आर ने द्यायची, आय-जे ने नाही. जी ०७.१ ए ० दिलं की संपलं. त्या मोडमध्ये जी ० (न कापता झटपट सरकणं) चालत नाही, ड्रिलिंग सायकल चालत नाहीत, जी ५४ बदलता येत नाही. सगळी तयारी आधी करून मगच आत शिरायचं. अडचण एवढीच की तो पर्याय आहे, आणि आमच्या कंट्रोलवर उघडलेला नव्हता. उघडून घ्यायला पैसे पडतात. मालकांनी आकडा ऐकला आणि चहा मागवला.

राहिला जी ९३. इन्व्हर्स टाइम. इथे एफ म्हणजे वेग नव्हेच. हा ब्लॉक किती मिनिटांत संपवायचा, त्याचा व्यस्त. एक मिनिटात संपवायचा तर एफ १. दोन मिनिटांत तर एफ ०.५. अर्ध्या सेकंदात तर एफ १२०. म्हणजे व्यासाचा हिशेब आपण करायचा, खरं अंतर आपण काढायचं, हवं ते फीड त्याने भागायचं आणि कंट्रोलला फक्त वेळ सांगायची. वरच्या उदाहरणात १२० ला १२७.९३ ने भागलं की ०.९३८. हा एका फेऱ्याचा एफ. पहिल्यांदा असा प्रोग्रॅम बघणाऱ्याला धडकी भरते, कारण एका ओळीत एफ ०.९३८ आणि दुसऱ्या ओळीत एफ ३४०, आणि दोन्हीकडे कटर त्याच संथपणे चाललेला. छोटा ब्लॉक, मोठा एफ.

दोन गोष्टी पाळाव्या लागतात. एक, जी ९३ मध्ये प्रत्येक जी १ ओळीत एफ लिहावाच लागतो, मागच्या ओळीचा पुढे चालत नाही. दुसरी जास्त महत्त्वाची: बाहेर पडताना जी ९४. तो राहिला आणि पुढच्या ओळीत नेहमीच्या सवयीने एफ १५० असला, तर कंट्रोल तो ब्लॉक मिनिटाच्या १५० व्या भागात, म्हणजे ०.४ सेकंदात उरकायला जातो. एअर कटिंगमध्ये (कटर हवेतच चालवून) हे मी मुद्दाम करून बघितलं, झेड वर उचलून, फीड ओव्हरराइडवर हात ठेवून. करून बघायची हौस असेल तर तशीच करावी.

दिशेचा घोळ याहून छोटा, पण डोकं जास्त खातो. उजव्या हाताचा नियम सगळ्यांना येतो: अंगठा अधिक एक्सकडे, बोटं वळतात ती अधिक ए. पण तो नियम जॉबच्या मानाने टूल कसं फिरतं याचा आहे. आपल्याकडे टूल फिरत नाही, टेबल फिरतं, म्हणून डोळ्यांना दिसणारं फिरणं बरोबर उलटं. त्यात टेबल बेडवर उजवीकडे बसवलंय की डावीकडे, तुम्ही चककडे बघताय की चकच्या मागून, यावर घड्याळाची दिशा बदलते. आमच्या कॅमच्या पोस्ट प्रोसेसरमध्ये (कॅमचं काम मशीनच्या कोडमध्ये उतरवणारा भाग) ए अक्षाची दिशा १ किंवा उणे १ अशी लिहायची असते. कुठली बरोबर, यावर खल करण्यापेक्षा मी नायलॉनच्या रॉडवर 'कोल्हापूर' अक्षरं गुंडाळून कोरली. रॉडवर आरशातलं कोल्हापूर उमटलं. चिन्ह बदललं, सरळ उमटलं. अक्षरांचा फायदा असा की चूक लगेच वाचता येते. हेलिकल ग्रूव्ह उजवा आहे की डावा, हे गिऱ्हाइकाच्या दारात कळण्यात काही मजा नाही.

कॅममध्ये 'रॅप' नावाचं एक बटण असतं. सपाट चित्र काढा, व्यास द्या, ते सिलिंडरवर गुंडाळून देतं. वाय अंतराला परिघाने भागून ३६० ने गुणलं की ए, इतकं साधं. हे बटण बघून बरेच जण चौथा अक्ष आला म्हणतात. मीही त्याच बटणावर खूश होतो, जोवर ८० व्यासाच्या कॅमवर (सॉफ्टवेअर नव्हे, रोलरला खाचेतून वाट दाखवणारा यंत्राचा भाग) १९ रुंदीच्या ग्रूव्हचं काम आलं नाही तोवर. आत १९ चा रोलर फिरणार, खोली १२. आमच्याकडे १६ चा एंडमिल. सपाट जॉब असता तर दोन्ही बाजूंना दीड-दीड मिलिमीटर सरकवून भिंती कापल्या असत्या. रॅपने तेच केलं, पण दीड मिलिमीटर त्याने परिघावर मोजलं, म्हणजे टेबल २.१५ अंश इकडे आणि २.१५ अंश तिकडे फिरवलं. आता जरा चित्र डोळ्यासमोर आणा. कटर कायम सेंटरकडे तोंड करून उभा आहे. जॉब दोन-सव्वादोन अंश फिरवला की कटरची बाजू रोलरच्या अक्षाला समांतर राहत नाही, तेवढ्याच अंशांनी तिरकी होते. दोन्ही भिंती खाली एकमेकींकडे झुकतात. वर रुंदी १९, बारा मिलिमीटर खाली १८.१. रोलर तोंडाशीच अडकणार.

हे मला स्क्रीनवर दिसलं नाही, कारण सिम्युलेशनमध्ये वरची कड अचूक १९ दिसते. कागदावर आडवा छेद काढल्यावर दिसलं. उपाय दोन. १९ चाच कटर घ्यायचा आणि ग्रूव्हच्या मध्यरेषेवरून एकदाच न्यायचा, म्हणजे ऑफसेटचा प्रश्नच नाही. किंवा ए मध्यरेषेवरच ठेवून कटर वायमध्ये दीड मिलिमीटर सरकवायचा, म्हणजे भिंत रोलरच्या अक्षाला समांतर राहते. ग्रूव्ह एक्सच्या दिशेने सरळ जात असेल तिथे पूर्ण सरकवणं वायमध्ये, गोल फिरत असेल तिथे एक्समध्ये, तिरका जात असेल तिथे दोन्हींत वाटून. मी रफिंग १६ ने केलं आणि फिनिशिंगला १९ चा कटर आणला. कटरचे पैसे जॉबमध्ये लावले, गिऱ्हाईक काही बोललं नाही. रॅपचं बटण अक्षरं कोरायला, उथळ खाचांना आणि कटरच्या रुंदीच्या ग्रूव्हला उत्तम. त्यापलीकडे त्याच्यावर विसंबू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मग इचलकरंजीहून ट्रॅव्हर्स कॅम आला. सूत गुंडाळणाऱ्या यंत्रात एक शाफ्ट असतो, त्यावर उजवा आणि डावा असे दोन हेलिकल ग्रूव्ह एकमेकांना छेदत जातात आणि दोन्ही टोकांना वळून एकमेकांत मिसळतात. शाफ्ट एकाच दिशेने फिरत राहतो आणि ग्रूव्हमध्ये बसलेली होडीच्या आकाराची चावी इकडून तिकडे जाते, वळते, परत येते, तिच्याबरोबर धागा. जुना कॅम झिजून चावी छेदाच्या जागी वाट चुकत होती. सोबत चिठ्ठी: व्यास ४०, ग्रूव्ह ६, स्ट्रोक १५०, लीड २५.

अशा ग्रूव्हला एक अट असते. पूर्ण जाऊन-येऊन होणारे अंश ३६० च्या पटीत बसले पाहिजेत, नाहीतर शेपूट डोक्याला येऊन मिळत नाही. टोकाचं वळण मी १८० अंशांचं धरलं, पॅराबोलाने, म्हणजे एक्सचा वेग एकसारखा कमी होत शून्यावर येतो आणि तसाच उलट्या दिशेने वाढतो. चावीला धक्का बसत नाही. २५ लीडने मांडलं तर बेरीज ४५०० अंश आली. साडेबारा फेरे. म्हणजे ग्रूव्ह सुरुवातीच्या बरोबर विरुद्ध बाजूला येऊन थांबणार. गणित तीनदा तपासलं, तेच.

मी जुना कॅम उचलला, ग्रूव्हमध्ये पेन्सिलीचं टोक घातलं आणि शाफ्ट हाताने फिरवत बसलो. टोक परत जिथून निघालं तिथे आलं तेव्हा १३ फेरे झाले होते. एका लीडवर व्हर्नियर लावून झिजलेल्या कडांमध्ये काहीही वाचता येतं, म्हणून पाच फेऱ्यांवर लावला: १२० मिलिमीटर. लीड २५ नव्हे, २४. परत मांडलं. सरळ भाग ६ फेरे, २१६० अंश, १४४ मिलिमीटर. प्रत्येक टोकाच्या वळणात ३ मिलिमीटर. १४४ आणि ६ मिळून १५०. दोन सरळ भाग आणि दोन वळणं मिळून ४६८० अंश, पूर्ण १३ फेरे. सगळं एकमेकांत असं बसलं की मी आबांना हाक मारली. चिठ्ठी लिहिणाऱ्याचा बहुधा अंदाज असावा; मापं अशीच फिरत येतात.

हा प्रोग्रॅम मी कॅम सॉफ्टवेअरमधून काढला नाही. त्याने याचे हजारो तुकडे केले असते. सरळ भाग मुळात एका ओळीचा आहे: जी ९१ जी १ एक्स १४४ ए २१६० एफ ०.१५६३. साधारण ६ मिनिटं २४ सेकंद चालणारी एक ओळ. येताना एक्स उणे १४४, ए मात्र पुन्हा अधिक २१६०, कारण शाफ्ट एकाच दिशेने फिरतो. वळणासाठी मॅक्रोमध्ये (प्रोग्रॅममध्येच गणित करणाऱ्या ओळी) एक एक अंशाचा लूप, तिथे एफ ३३८ पासून ३४४ पर्यंत चढतो आणि परत उतरतो.

जी ९१ (इन्क्रिमेंटल, म्हणजे आहे तिथून पुढे मोजायचं) का, तर रोलओव्हर. पॅरामीटर १००८ मध्ये तो चालू असला की कंट्रोलच्या दृष्टीने ए कायम ० ते ३६० मध्येच असतो. ॲब्सोल्यूटमध्ये (झीरोपासून मोजताना) ए ७२० सांगितलं तर तो म्हणतो ७२० म्हणजे ०, आणि मी ० वरच उभा आहे. ढिम्म हलत नाही. ० वरून ए ३५० सांगितलं तर जवळचा रस्ता म्हणून मागे १० अंश येतो. इंडेक्सिंगला ही सोय आहे, हेलिक्सला शाप. इन्क्रिमेंटलमध्ये मात्र सांगितले तितके अंश गपगुमान फिरतो. पण एकाच ब्लॉकमध्ये ए इन्क्रिमेंटल आणि एक्स ॲब्सोल्यूट असं करता येत नाही, म्हणून वळणाच्या लूपमध्ये एक्सही इन्क्रिमेंटल. तिथे प्रत्येक तुकडा मायक्रॉनला राउंड होतो आणि १८० तुकड्यांची कसर साठत जाते. त्यावर तोड अशी की आधी प्रत्येक अंशाची एक्सची जागा काढून राउंड करायची, आणि तिच्यातून मागची राउंड केलेली जागा वजा करून सरकायचं अंतर द्यायचं. मग कसर पुढे जात नाही.

नायलॉनवर एकदा आणि मग ईएन ८ पोलादावर. एका पूर्ण चक्कराला जवळपास १४ मिनिटं, प्रत्येक सरळ भागात झेड पाव मिलिमीटर खाली, म्हणजे चक्कराला अर्धा. टेबल अर्थातच अनक्लॅम्प. पहिल्या चक्करात ग्रूव्ह स्वतःला छेदायच्या जागी आला की कटरचा आवाज क्षणभर बारीक व्हायचा, कारण समोर मटेरियलच नसायचं, आणि पलीकडच्या भिंतीत शिरताना 'टक्' असं व्हायचं. तो टक् टेबलाच्या वर्मचा खेळ बाहेर काढतो. आबांनी कान लावून ऐकलं आणि फीड ९० वर आणायला सांगितलं. जी ९३ मध्ये फीड बदलायचं म्हणजे सगळे एफ बदलायचे, पण मॅक्रोमध्ये फीड एका व्हेरिएबलमध्ये ठेवलं होतं, तेवढा एक आकडा बदलला. शेवटचं चक्कर झेड न हलवता, नुसता तळ साफ करायला. बर (कडेला राहिलेली धातूची खरखर) काढून जुनी चावी घातली आणि शाफ्ट हाताने फिरवला. तेरा फेऱ्यांत जाऊन परत आली, छेदाच्या जागी अडखळली नाही.

आता चौकशी आली आहे ती टेपर, म्हणजे निमुळत्या, रोलरवरच्या ग्रूव्हची. तिथे एक्स सरकेल तसा व्यास बदलतो, म्हणजे एका ओळीचं काम गेलं, प्रत्येक तुकड्याचं अंतर वेगळं आणि एफही वेगळा. मॅक्रोमध्ये त्रिज्या एक्सवरून काढणारी ओळ मी घालून ठेवली आहे. कटर टेपरला काटकोनात हवा की मशीनच्या सरळ झेडमध्येच चालेल, यावर आबांचं आणि माझं अजून जुळलेलं नाही. टेबलाखाली वेज टाकून सगळं तिरकं बसवावं असं ते म्हणतात, आणि तसं केलं तर मगाचचा सेंटर काढायचा सगळा कार्यक्रम नव्याने करावा लागेल.